नवख्यांनो, ते 'पाच नियम' वाचून एल्ड्रिच हॉरर खेळायला बसू नका

ठाणेकर_फासे
परवा कोणीतरी विचारलं की एल्ड्रिच हॉरर हा बोर्डगेम नवीन घेतलाय, काय लक्षात ठेवू. त्यावर आपल्या राक्षसमर्दन साहेबांनी पाच नियम ठोकून दिले. ज्यांनी वाचले नाहीत त्यांच्यासाठी: दिसेल तो मॉन्स्टर मारा, पहिल्या फेरीपासून सगळे जगभर पांगा, क्लू साठवून ठेवा, बँक लोन कधीच घेऊ नका, आणि ज्याला खेळ येतो त्याने बाकीच्यांच्या चाली सांगाव्यात म्हणजे वेळ वाचतो. खाली चाळीस जणांचे अंगठे. दोन दिवस गप्प बसलो, आज लोकलमध्ये उभं राहून परत वाचलं आणि डोकं सटकलं.

अहो, मॉन्स्टर मारून मिळतं काय? बहुतेक वेळा काहीही नाही! ही तुमची सवय २००५ च्या आर्कहॅम हॉररची आहे, तिथे मारलेल्याची ट्रॉफी जमा व्हायची आणि ती खर्च करता यायची. इथे आधी विलची टेस्ट देऊन सॅनिटी घालवायची, मग स्ट्रेंग्थची देऊन हेल्थ घालवायची, आणि तो मेला नाही तर एन्काउंटर फेज, म्हणजे त्या जागेवर काही मिळवायची पाळी, गेली. मारायचा तो गेटवर, म्हणजे दुसऱ्या जगातून उघडलेल्या दारावर, बसलेला, कारण तो हटल्याशिवाय गेट बंद करायची संधीच मिळत नाही. बाकीचे असू देत. मारामारीची इतकीच हौस असेल तर मार्क हॅरिगन हे पात्र घ्या, त्याचं कामच ते आहे, लोला हेजला कशाला पुढे ढकलता?

खरी भीती ओमेनची, म्हणजे बोर्डवरच्या शकुनाच्या चक्राची. ओमेन पुढे सरकला की त्याच चिन्हाची जितकी गेटं उघडी तितका डूम, म्हणजे शून्याकडे जाणारा विनाशाचा काटा, सरकतो, आणि निळं चिन्ह त्या चार घरांच्या चक्रात दोनदा येतं. म्हणजे निळं गेट उघडं ठेवणं म्हणजे चाळीच्या गच्चीवरची टाकी वाहती ठेवून गावाला जाणं. हे एक वाक्य नवख्याला सांगा, बाकी पाच नियम राहू देत.

आणि चाली सांगण्याबद्दल तर बोलूच नका. माझी बहीण पहिल्यांदा बसली तेव्हा एका 'अनुभवी' मित्राने तिला तीन तास प्यादं हलवायला लावलं. परत कधी बसली नाही. बॉक्स निघाला की ती चहा टाकायला उठते.

राक्षसमर्दन_९०
वा, आमच्या नावाने धागा! आभारी आहे. आता उत्तर ऐका. मॉन्स्टर सर्ज आला की ओमेनशी जुळणाऱ्या प्रत्येक गेटवर नवा मॉन्स्टर येतो, आधीचे साफ केले नसतील तर तिथे गर्दी दादर स्टेशनसारखी होते, मग तुम्ही गेट बंद कसं करणार, विनंती अर्ज देऊन? शिवाय मॉन्स्टर असलेल्या घरात ना रेस्ट घेता येत ना सामान. आम्ही अझाथोथला, खेळातल्या महाराक्षसाला, सात वेळा हरवलंय. तुमचा आकडा सांगा.

ठाणेकर_फासे
सात वेळा हरवलंय ते किती वेळा खेळून, हे पण लिहा की.

मुलुंडची_सुलू
क्लू साठवण्याच्या नियमावर कोणीच बोललं नाही. अझाथोथला मिथॉसचे, म्हणजे दर फेरीअखेर निघणारे संकटाचे, पत्ते १६ आणि डूम १५. सोळा फेऱ्यांत तीन मिस्टरी (जिंकायला सोडवायची कोडी), संपला विषय. क्लू साठवत बसलात तर डूम राहिला बाजूला, पत्तेच संपून हराल, आमचं झालंय असं, डूम चारच घरं सरकला होता आणि आम्ही जिंकतोय म्हणून भेळ मागवली होती. पांगण्याचं मात्र मला पटतं, अर्धवट. सगळे लंडनमध्ये घुटमळले तर शांघायचं गेट कोण बघणार. पण पांगलात की ट्रेड बंद, कारण एका घरात असल्याशिवाय वस्तू देता येत नाही. अपवाद चार्ली केन, तो सामान घेतो आणि कोणालाही देतो, कुठेही असो. नवीन ग्रुपमध्ये एक चार्ली हवाच.

बोरिवली_फास्ट
बरोबर, आणि चार्लीने लोन घ्यायलाच हवं. कधीच नाही म्हणणाऱ्यांना गणित येत नाही. वस्तू घेताना इन्फ्लुएन्स दोन असेल तर फासे दोन, पाच-सहा आला तर यश. दोन्ही फसायची शक्यता नऊपैकी चार, म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा अख्खी ॲक्शन वाया. लोन घेतलं की दोन यश फुकट, पहिल्याच फेरीत चांगली वस्तू हातात. १६ फेऱ्यांच्या खेळात पहिल्या फेरीतली वस्तू म्हणजे सोनं.

लोअरपरळ_लेट
फुकट?? कर्जाचा पत्ता मिळतो, त्याच्या मागे काय लिहिलंय ते आधी बघायचं नाही, प्रत्येक पत्त्याचं मागचं वेगळं. उलटला की कळतं काय गमावलंत. याला फुकट म्हणणारा माणूस एकतर विशीतला असतो नाहीतर बँकेत कामाला.

माझे बाबा गिरणी बंद पडल्यावर एका पतपेढीत मित्राला जामीन राहिले. मित्र म्हणजे एकाच खात्यातला, शेजारच्या लूमवरचा, रोज एकत्र डबा खाणारा. सही केली आणि सहा महिन्यांत मित्र गायब, गावचं घर विकलेलं. बाबांनी फंडातून भरलं, राहिलेल्यासाठी आईच्या पाटल्या गेल्या. मी दहावीला होतो, वसुलीवाला दारात उभा राहून बाबांशी किती गोड बोलायचा ते अजून आठवतं. तेव्हा खेळातसुद्धा माझा हात त्या पत्त्याकडे जात नाही आणि जाणारही नाही. हसायचं तर हसा.

बोरिवली_फास्ट
तुमच्या बाबांबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण हे कागदी कार्ड आहे हो! आणि खऱ्या आयुष्याचंच म्हणाल तर कर्ज न काढता मुंबईत घर कोणी घेतलंय? मी वीस वर्षांचा हप्ता भरतोय, चौदा झाले. माझे बाबा म्हणायचे पैसे साठव मग घे. साठवत बसलो असतो तर आज विरारच्या पुढे भाड्याने असतो आणि घरमालकाच्या मुलाच्या लग्नात आहेर करत असतो.

काका_माटुंगा
चौदा वर्षं हप्ता भरला त्यात व्याज किती आणि मुद्दल किती ते एकदा स्टेटमेंट काढून बघ. सुरुवातीची वर्षं बहुतेक व्याजच भरलंयस. घर तुझं आहे असं तुला वाटतंय.

बोरिवली_फास्ट
काका तुम्ही भाडेकरू कायद्याखाली चाळीत राहता ना, महिना कितीत? तुम्ही बोलूच नका.

काका_माटुंगा
पागडी भरली होती माझ्या वडिलांनी, फुकट नाही मिळालं. आणि छत गळतं ते मीच दुरुस्त करतो, ताडपत्रीचे पैसे मालक देत नाही. या बसायला जुलैत.

राक्षसमर्दन_९०
धाग्याचा विषय काय होता कोणाला आठवतंय का? मी लोन नको म्हटलं ते याचसाठी. नवखे लोन घेतात आणि विसरून जातात. रेकनिंग, म्हणजे हिशेबाची वेळ, आलं की पत्ता उलटतो, त्याचं पात्र बाद होतं, त्यामुळे डूम सरकतो ते वेगळंच. माझ्या टेबलावर दोनदा झालंय.

ठाणेकर_फासे
आता हे बोललात ते ठीक. 'विसरतात' हा मुद्दा आहे, 'कधीच नको' हा नियम नाही. विसरतात तर पत्ता समोर ठेवायला सांगा, वर फासा ठेवा. तुमच्या टेबलावर विसरतात कारण चाली तुम्ही खेळता, ते बिचारे फोन बघत बसतात.

राक्षसमर्दन_९०
माझ्या टेबलावर कोण काय करतं हे ठाण्यात बसून कळतं? कमाल आहे. बॉक्सवर दोन ते चार तास लिहिलंय, नवख्यांबरोबर पाच होतात, दोघं जण कर्जत लोकलवाले असतात, शेवटची चुकली तर तुम्ही घरी झोपवणार का? म्हणून सांगतो चाली. प्रेमापोटी नाही, वेळापत्रकापोटी.

मुलुंडची_सुलू
मग आठ जण कशाला बसवता! तीन-चार पुरेत. माणसं वाढली की फेरी लांबते, गेटं आणि क्लूही वाढतात, नवख्याची पाळी येईपर्यंत त्याला मागची पाळी आठवत नाही. आणि टेंटेकलवाले अवघड मिथॉस पत्ते पहिल्या खेळात काढून ठेवा, ती सोय नियमातच आहे, त्यात लाज नाही.

राक्षसमर्दन_९०
सोपे पत्ते घेऊन जिंकण्यापेक्षा कॅरम खेळा. पण चार जणांचं मान्य. आठ जणांत आम्ही एकदाही संपवला नाहीये, आता खूश?

लोअरपरळ_लेट
मी रागात लिहिलं मगाशी. बोरिवली, तुझं नऊपैकी चारचं गणित मी कागदावर करून बघितलं, बरोबर आहे. पण चार्लीला लोन घ्यायला लावून वस्तू मार्क घेऊन जाणार आणि पत्ता उलटल्यावर भोगणार चार्ली, याला आमच्याकडे जामीन राहणं म्हणतात. एवढंच.

बोरिवली_फास्ट
… हे मी असं कधी बघितलं नव्हतं. ठीक आहे, मार्कने स्वतः शहरात जाऊन स्वतःच्या नावावर घ्यावं. इन्फ्लुएन्स कमी आहे म्हणून तर लोन, नाही का.

काका_माटुंगा
सिबिल बघतील त्याचा.

नवीनच_आलोय
नमस्कार, परवा विचारणारा मीच. मी फक्त एवढं विचारलं होतं की दोघांत खेळता येईल का, कारण घरात मी आणि आई दोघंच. उत्तर कोणीच दिलं नाही.

मुलुंडची_सुलू
अरे देवा. येतो की, एकापासून आठपर्यंत. दोघं असाल तर प्रत्येकी दोन इन्व्हेस्टिगेटर घ्या, एक अकाची घ्या गेटांसाठी, एक चार्ली. आईंना भाषांतर करून वाचून दाखवा पत्ते, फार मजा येते.

नवीनच_आलोय
काल रात्री बसलो शेवटी, धाग्याची वाट न बघता. आईने चार्ली घेतला. पहिल्याच पाळीत लोन काढलं, मी अडवलं तर म्हणाली तुझ्या कॉलेजच्या फीला कुठून आणले होते. आठव्या फेरीत रेकनिंग आलं तेव्हा तिने पत्ता उलटायच्या आधी हात जोडले. काय निघालं ते सांगत नाही, ती म्हणाली लोकांना सांगू नकोस.