हक्कसोडपत्राच्या गोष्टीत दादाला काळं फासायलाच पाहिजे का?

रंकाळाकाठ
परवा आमच्या कथावाचनाला एकानं गोष्ट वाचली. करवीर तालुक्यातलं घर, वडील वारलेले, थोरला दोन्ही बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतो. भाषा झकास. पण दादा पहिल्या ओळीपासून लबाड: दारू, खोटे हिशेब, आईवर आवाज. अशानं गोष्ट तिथंच मरते. आपल्याकडचा दादा ऊसबिलाची वाट बघत सोसायटीचं कर्ज फिरवत असतो, आईचा दवाखाना त्यानंच काढलेला असतो. आपण काही वाईट करतोय असं त्याला वाटतच नाही, आणि सगळा गुंता तिथं आहे. लेखकानं बाजू घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

धाकटीपाती
बाजू न घेतल्यानं कुणाचं फावतं तेही बघा की. महाराष्ट्रात 1994 लाच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्या वगळल्या. 2005 ला केंद्राच्या दुरुस्तीनं तीही अट गेली. 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, 2005 ला वडील हयात असायलाच पाहिजेत असंही नाही. एवढं होऊनही आक्का सही करते. का करते? तुमच्या दादाला कर्ज, घाम, दवाखाना सगळं दिलंत. तिच्या वाट्याला पदर आणि डोळ्यांतलं पाणी. तिच्या डोक्यातही हिशेब चालू असतो हो! नवऱ्यानं निघताना बजावलंय, सही करायची नाही. इकडं माहेरचं दार बंद व्हायची भीती. आधी तो हिशेब लिहा, मग तटस्थ राहा.

पेठेतला
भावा, कोल्हापुरात बसून भाऊबंदकीत खलनायक नको म्हणतोस? इथली गादीच बघ की. 1714 ला राजसबाईंनी सवतीला, म्हणजे ताराबाईंना, मुलासकट कैदेत टाकलं आणि आपल्या संभाजीला गादीवर बसवलं. आता ह्यात समजून काय घ्यायचं?

रंकाळाकाठ
@पेठेतला, उदाहरण माझ्याच कामाचं दिलंस. राजसबाईंचा मुलगाही राजारामांचाच होता, त्यांनी सवतीच्या मुलाला जन्मभर मुजरा करायचा? आणि ताराबाईंचं पुढचं बघ. 1730 ला वारणेकाठच्या लढाईत त्या शाहूंच्या हाती लागल्या. ज्या पुतण्याशी उभं वैर केलं, त्याच्याकडंच साताऱ्याला राहिल्या. पुढं रामराजाला नातू म्हणून त्यांनीच पुढं आणलं आणि गादीवर बसल्यावर तो आपला नातूच नव्हे म्हणून कैदेतही घातलं. जिच्यावर अन्याय झाला तीच पुढं दुसऱ्याला अंधारकोठडी दाखवते. ह्यातल्या एकालाच काळं फासलंस तर उरलेली माणसं लिहिता येतील का?

गूळभेली
तुमचं चालू द्या. मी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बघितलेलं सांगते. थोरल्या बहिणीचा अंगठा मशीनवर उमटेना, भांगलून भांगलून रेषाच झिजलेल्या. ऑपरेटर म्हणाला, "मावशी, हात पुसा." भावानं खिशातला रुमाल काढून तिचा अंगठा पुसला. सावकाश, एक एक बोट धरून. लहान मुलाचा पुसावा तसा. मशीननं अंगठा घेतला. त्याची माया खरी होती का घाई, मला अजून सांगता येत नाही. आपल्या ग्रुपवरच्या निम्म्या गोष्टी मात्र इथं लगेच दादाच्या मनात शिरून खुलासा करतात. (माझ्याही, म्हणून तर चीड येते.)

धाकटीपाती
@गूळभेली, हे मान्य. रुमाल राहू दे, खुलासा नको. पण तटस्थपणा अजून मान्य नाही. रुमालावर गोष्ट संपवलीत की वाचक दादाला माफ करून मोकळा होतो, आणि जमीन जाते ती जातेच. फेरफाराला नाव चढल्यानंतरची भाऊबीज लिहा. आक्काला साडी मिळते. निवडलीय वहिनीनं, महाद्वार रोडवर, किमतीची चिठ्ठी काढायची राहिलीय. आक्का ती चिठ्ठी वाचते, घडी पूर्ववत करते आणि वहिनीला विचारते, "पांढऱ्या रश्श्याला खोबरं कुणाच्यातनं आणलंस गं?"

पेठेतला
आणि वहिनी काय म्हणते?

धाकटीपाती
ते तुम्ही लिहा. तिला तर अजून कुणीच एक वाक्य दिलेलं नाही.