सोलापूरहून सातासमुद्रापार: दारापासून दारापर्यंत किती तास? अनुभव लिहा

मुंबई–न्यूयॉर्क हवाई अंतर साडेबारा हजार किमी, थेट विमानाला पंधरा-सोळा तास, एवढं मोबाईल सांगतो. पण आम्ही निघणार सोलापूरच्या सात रस्ता भागातून. दोघंही साठीपुढचे, हिचे गुडघे दुखतात. घराला कुलूप लावल्यापासूनचा खरा हिशोब कुणी सांगेल का?

विजापूर रोडवरून:
काका, विमान बहुतेक मध्यरात्रीनंतरचं असतं. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं गेलात तर सकाळीच मुंबईत पोचाल आणि सामान सांभाळत अख्खा दिवस काढावा लागेल. त्यापेक्षा सकाळची वंदे भारत बरी. दुपारी दादरला उतरायचं, नातेवाइकांकडं आडवं व्हायचं, रात्री जेवून सहार विमानतळावर. आम्हाला दारापासून दारापर्यंत दीड दिवस धरूनच चालावं लागतं.

अशोक चौकातून:
आम्ही पूर्व भागातले, मुंबईच्या वाटेला जातच नाही की ओ. पाहुणे हैदराबादला, रस्ता तीनशे किमीच्या आसपास. शहरात न शिरता रिंग रोडनं थेट शमशाबादच्या विमानतळावर. तिथून दुबई चार तास, मग दुबई–डलास १२,९०० किमी, सोळा तासांच्या पुढंच. मधले दुबईतले तास कुणी मोजत नाही, पण पाय तिथंच दुखतात. एका टर्मिनलमधून दुसऱ्यात चालून चालून आमच्या अण्णांनी शेवटी खुर्ची मागितली. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, आयत्या वेळी लाजू नका.

जुळे सोलापूरहून:
किलोमीटर भागिले वेग असं गणित करू नका. तिकिटावरची वेळ विमानतळाच्या गेटवरून विमान हललं तेव्हापासून पलीकडच्या गेटवर थांबेपर्यंतची असते, धावपट्टीवरची रांग त्यातच आली. शिवाय वर दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वारे वाहतात. अमेरिकेला जाताना ते तोंडावर, येताना पाठीवर. येताना समोरच्या पडद्यावर ताशी हजारच्या पुढं आकडा बघितलाय मी. म्हणून परतीचा प्रवास तास-दोन तासांनी कमी. आणि विमान ग्रीनलँडकडं वळलं तर घाबरू नका. पृथ्वी गोल असल्यानं नकाशावर वाकडी दिसणारी वाटच जवळची असते.

शेळगीहून:
शेंगाचटणी मोठ्या बॅगेत टाका. अमेरिकेच्या विमानात हातातल्या पिशवीत ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असली की वेगळी तपासणी होते. आमच्या मामींचा डबा उघडून हुंगला तिथल्या बाईनं.

होटगी रोडवरून:
विमानांना आड येणारी साखर कारखान्याची चिमणी २०२३ ला पाडली, आता इथूनही मुंबईचं विमान मिळतं, मग रेल्वे कशाला, असं वाटेल. पण दोन तिकिटं वेगवेगळी काढलीत आणि पहिलं विमान रद्द झालं, तर पुढचं चुकल्याची जबाबदारी तुमचीच. मधे रात्र ठेवा, नाहीतर नको.

पुन्हा अशोक चौकातून:
अजून एक. तिकिटावरच्या वेळा ज्या त्या गावच्या असतात. रात्री दीडला मुंबई, त्याच सकाळी आठला न्यूयॉर्क, असं वाचून आमचे तात्या म्हणाले, "साडेसहा तासांत? मग सोलापूर–मुंबईलाच जास्त लागतात की!" उन्हाळ्यात न्यूयॉर्क साडेनऊ तास मागं, हिवाळ्यात साडेदहा. उन्हाळ्यातले साडेनऊ मिळवले की सोळा तास बरोबर जुळतात, तात्यांनी बोटांवर मोजून खात्री केली.