मदत हवी आहे: ऐरोलीची फ्लेमिंगो बोट, एक स्वमग्न मुलगी आणि एक व्हीलचेअर

फेब्रुवारीत ठाणे खाडीतले फ्लेमिंगो बघायला ऐरोलीहून बोटीने जायचं चाललंय. बरोबर दोन मुलं. माझी लेक अकरा वर्षांची, स्वमग्न. बोलते कमी, पण ऐकू फार येतं तिला (मिक्सर लावायच्या आधी आमच्याकडे पुकारा होतो). भाचा नऊ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअरवर, तोंड मात्र अखंड चालू. पक्ष्यांचं वेड त्याला, हिला पाण्याचं.

आधी वेळासला कासवाची पिल्लं बघायला जाणार होतो. पण गावातून किनाऱ्यापर्यंत चाल, पुढे वाळू, सकाळी सकाळी गर्दीत दोरीमागे उभं राहायचं, आणि एवढं करून त्या दिवशी पिल्लं निघतीलच असं नाही. वाळूत खुर्चीची पुढची छोटी चाकं रुततात, मग उलटी करून ओढत न्यावी लागते. दिवेआगरला तो प्रयोग झालाय, भाऊजींची पाठ आठवडाभर धरली होती.

बोटीची भीतीही आहेच. गेल्या वर्षी एका ठिकाणी (नाव घेत नाही) लेकीने लाइफ जॅकेट अंगावरून ओरबाडून काढलं. हनुवटीखाली तो फोम घासतो ना, तो तिला सोसत नाही. रांगेतले एक काका म्हणाले, "जरा शिस्त लावा." तिकिटं हातात घेऊन आम्ही परत.

तर विचारायचंय: जॅकेटची सवय कशी लावलीत? बोट सुटायची वाट बघताना मुलांना कशात गुंतवता? इंजिनाच्या आवाजाला हेडफोन पुरतात का? आणि २६ किलोच्या मुलाला धक्क्यावरून बोटीत कसं घ्यायचं? पाण्याच्या पातळीप्रमाणे बोट वरखाली होणार, ही माझी मुख्य काळजी. खुर्ची बरोबर न्यायची की धक्क्यावर ठेवायची?

खाडीकाठची
जॅकेटचं सांगते, माझा मुलगाही स्वमग्न आहे. एक जॅकेट महिनाभर आधी घरी आणलं. पहिले काही दिवस नुसतं सोफ्यावर पडलेलं. मग बाबांनी घालून चहा प्यायला. मग मुलाने, पण बक्कल न लावता. बक्कलचा 'टक्' आवाज त्याला आवडला आणि तिथून काम सोपं झालं. आत कॉलरचा जुना सुती शर्ट घाला, फोम मानेला लागत नाही. आणि हेडफोन बोटीत पहिल्यांदा लावू नका, गाडीतच लावा.

तिवरवाला
ताई, वाट बघण्याचा प्रश्न निम्मा पंचांगात सुटतो. खाडी उथळ, नुसता गाळ, त्यामुळे बोटींच्या वेळा भरती बघून ठरतात. आमच्याकडे जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ साधारण तीच. अष्टमीला सहा वाजता, म्हणजे तुमच्या उपयोगाची नाही. पौर्णिमेला सव्वाअकरा, डोक्यावर ऊन. द्वादशी-त्रयोदशीला नऊ ते पावणेदहा, ती धरा. खाडीत आत थोडं उशिरा भरतं. पक्की वेळ बुकिंग करतानाच विचारा.

आणि लेकीला पाणी आवडतं म्हणता, तर एक सुचवतो. त्याच दिवशी तीनच्या सुमारास ओहोटी असेल. तेव्हा कांदळवनाच्या कडेला उघड्या चिखलात निवट्या दिसतात. मासाच, पण पाण्याबाहेर पुढच्या परांवर सरपटतो, मधेच टुणकन उडी मारतो. एक नांगी भली मोठी असलेले छोटे खेकडे ती नांगी हलवत बसतात. आवाज नाही, गर्दी नाही. माझी पुतणी तासभर हलली नव्हती. फ्लेमिंगोंकडे तिने ढुंकून पाहिलं नाही, हेही सांगून ठेवतो.

दोन मुलांची आई
दोन्ही मुलांसाठी एकच बेत करू नका, असं मला वाटतं. भाचा बोटीत, लेक काठावर, दोघांबरोबर वेगळी मोठी माणसं. बहीणभाऊ एकत्र गेलेच पाहिजेत हा आपला हट्ट असतो, त्यांचा नाही.

मूळ धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. वेगळे बेत करायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, ताई. थोडं लागलं, पण पटलं. सासूबाईंनी लगेच कालनिर्णय काढलं, द्वादशीला शनिवार येतो का बघतायत. निवट्यांचा व्हिडिओ लेकीला दाखवला. सहा वेळा बघितला, मग फोन माझ्या हातात देऊन चपला घालून दारात उभी राहिली. तिला अजून महिना आहे हे कसं समजावायचं, तो वेगळा धागा काढावा लागेल. चित्रांचं कॅलेंडर करायला घेतलंय.

भाच्याला बोटीत चढवण्याबद्दल मात्र कुणीच लिहिलं नाही. उचलून घेताना त्याचे पाय एकदम ताठ होतात, एकट्याला जमत नाही. ऐरोलीच्या धक्क्यावर कुणी खुर्चीवरच्या मुलाला घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा: किती जण लागले, आणि बोटीत त्याला टेकायला काय दिलंत?