मदत हवी आहे: दारूच्या खर्चाची पाहणी ग्रामसभेत कशी मांडावी?

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटातल्या बायकांनी वाडीतली सगळी घरं फिरून दारूवर महिन्याला किती पैसा जातो ते लिहून काढलंय. वह्या भरल्या, आता पुढे काय?

स्फूर्ती गडचिरोलीची. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, बालमृत्यूंची नोंद काटेकोर ठेवली आणि तीन वर्षांत नवजात मृत्युदर निम्म्याहून खाली आला. २०११ पासून तेच काम देशभर आशाताई करतात. १९९३ची तिथली दारूबंदीही लोकांच्या रेट्यातूनच झाली. आमची झेप एवढी नाही म्हणा!

अडचण अशी की वाडी लहान. नाव न घेता "एका घरात पगार अर्धा दारूत जातो" म्हटलं तरी सगळ्यांना कळतं कोण ते. मग त्या बाईला घरी मार. वाडीची एकूण बेरीजच सांगावी का? पण मग धार जाते. शिवाय आमच्याकडे परवान्याचं दुकानच नाही, सगळी हातभट्टी. त्यामुळे दारूचं दुकान बंद करायचं की नाही यावरचं ‘उभी बाटली, आडवी बाटली’चं मतदानही लागू होत नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडायचा विचार आहे, त्याआधी महिला सभेत. म्हातारी माणसं विचारतात, "बाई, लिहून नेलंस, आम्हाला काय मिळालं?" कुणी असं काम केलं असेल तर सांगा: आकडे कसे मांडले? आणि हातभट्टीवाल्याशी गाठ कशी निभावली?