बारावीतील मुलाची संध्याकाळची नोकरी: हजेरी आणि परीक्षा यांच्याशी तिचा मेळ कसा घालावा?

सातारकर पालक (प्रश्न)

माझा मुलगा यंदा बारावी वाणिज्य शाखेत असून त्याला नुकतेच सतरावे वर्ष लागले आहे. अकरावीच्या उन्हाळी सुट्टीत तो गावातील एका तयार कपड्यांच्या दुकानात कामाला लागला. सुट्टीपुरतेच काम असे तेव्हा ठरले होते. परंतु महाविद्यालय सुरू झाल्यावरही मालकांनी त्याला ठेवून घेतले आणि वेळ दुपारी चार ते रात्री साडेनऊ अशी झाली. महाविद्यालय सकाळी साडेसातला भरते. रात्री जेवून झोपायला साडेअकरा होतात, त्यामुळे पहिले दोन तास वरचेवर बुडतात. गेल्या आठवड्यात वर्गशिक्षकांनी आम्हाला बोलावून एकसष्ट टक्के हजेरी दाखवली आणि हमीपत्र लिहून घेतले.

यजमानांचे म्हणणे आहे की काम ताबडतोब बंद करावे. मुलाचे म्हणणे आहे की त्याच्या पगारातून धाकट्या बहिणीच्या शिकवणीचे पैसे जातात आणि पुस्तपालनाच्या पुस्तकापेक्षा गल्ल्यावर बसून त्याला हिशेब अधिक कळू लागला आहे. पगार बंद झाला तरी आमचे घर चालेल, थोडी ओढाताण होईल इतकेच. पण मुलगा जबाबदारीने वागत असताना त्याला शिक्षा झाल्यासारखे वाटू नये, अशी माझी इच्छा आहे. त्यातच मोठे दीर ‘कर्मवीरांच्या जिल्ह्यात राहून मुलाला कमवायला कसले अडवता?’ असे विचारतात. अनुभवी मंडळींनी मार्ग सुचवावा.

निवृत्त वर्गशिक्षक

ताई, कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शाखा शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. प्रथम हजेरीविषयी. राज्य मंडळाच्या परीक्षेला नियमित विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी पंचाहत्तर टक्के हजेरी लागते. गंभीर आजारासारखे कारण असेल तर त्रुटी माफ करण्याचा प्रस्ताव पाठवता येतो, पण दुकानातील नोकरी हे कारण घेऊन कोणतेही प्राचार्य असा प्रस्ताव पाठवतील असे मला वाटत नाही. सुदैवाने सत्र अजून हाती आहे आणि येथून पुढे तो नियमित गेला तर सरासरी भरून निघते. हमीपत्र घेणारे शिक्षक मुलाला अजून वर्गात ठेवू पाहत आहेत, असे समजावे.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची आहे, आणि तिच्याकडे पालकांचे सहसा लक्ष जात नाही. कापड दुकानाचा खरा हंगाम दसरा ते दिवाळी हा असतो, आणि प्रथम सत्र परीक्षा नेमकी त्याच सुमारास येते. पुढे जानेवारीच्या अखेरीस तोंडी परीक्षा व प्रकल्पांचे मूल्यमापन सुरू होते आणि अलीकडच्या वर्षांत लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते, तेव्हा दुकानात लग्नसराईची खरेदी चालू असते. म्हणजे मालकाला मुलगा सर्वाधिक हवा असतो तेव्हाच तो अभ्यासालाही सर्वाधिक हवा असतो. ऑगस्टमध्ये ठरलेली ‘जमेल तशी’ व्यवस्था ऑक्टोबरमध्ये मोडते ती याच कारणाने. त्यातही पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय रोजच्या सरावाचा आहे. गल्ल्यावर रोकड जुळवता आली म्हणून भागीदारी संस्थेची अंतिम खाती किंवा भागीदाराच्या निवृत्तीची नोंद जमते असे नाही. लेखी ऐंशी गुणांसाठी तेच जमावे लागते. प्रकल्प व तोंडीचे वीस गुण त्याला आधार देतील, परंतु प्रकल्प शेवटच्या आठवड्यात उतरवून काढणारी मुले तोंडी परीक्षेत लगेच ओळखू येतात.

दिरांच्या प्रश्नालाही उत्तर द्यावेसे वाटते. भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि मुलांकडून शेतीची, बांधकामाची कामे करवून घेतली, हे खरेच आहे. परंतु त्या ‘कमवा आणि शिका’मध्ये काम देणारी आणि शिकवणारी संस्था एकच होती, त्यामुळे कामाचा तास शिक्षणाच्या तासाभोवती बसवला जात असे. तुमच्या मुलाच्या बाबतीत घड्याळ मालकाच्या हातात आहे.

माझे मत असे की ऑक्टोबरपर्यंत आठवड्यातून तीन दिवस आणि संध्याकाळी सातपर्यंतच काम ठेवावे, सत्र परीक्षेच्या आधी पंधरा दिवस पूर्ण सुट्टी घ्यावी आणि डिसेंबरच्या अखेरीस काम थांबवावे. परीक्षा संपल्यावर निकाल लागेपर्यंतचा काळ त्याला पुन्हा मोकळा मिळेल. मात्र बीबीए किंवा बीसीएकडे जायचे असेल तर 2024 पासून त्यासाठी राज्याची प्रवेश परीक्षा आहे, तिची तारीख आधी पाहावी.

वकिलीतला एक

वरील उत्तरातील ‘सातपर्यंत’ ही मर्यादा केवळ सल्ल्यापुरती नाही. बाल व किशोरवयीन कामगार अधिनियम 1986 मध्ये 2016 साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वयाच्या मुलांना किशोरवयीन म्हटले जाते. धोकादायक नसलेल्या कामावर त्यांना ठेवता येते, परंतु संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत त्यांच्याकडून काम करवून घेता येत नाही. सलग तीन तासांपेक्षा अधिक काम नको, त्यानंतर किमान एक तास विश्रांती हवी, विश्रांती धरून एकूण वेळ सहा तासांच्या आत हवा आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी हवी, असेही कायदा सांगतो. जादा वेळ थांबवून घेण्यालाही मनाई आहे. साडेनऊपर्यंत मुलाला ठेवणारे मालक कदाचित भले गृहस्थ असतील, परंतु ही वेळ कायद्यात बसत नाही.

आणखी एक चौकशी अवश्य करावी. दुकानाच्या स्कूटरवरून त्याला पार्सल पोहोचवायला पाठवतात का? सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीपुरता असतो आणि आपल्याकडील नेहमीच्या स्कूटर त्यापेक्षा मोठ्या असतात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केल्यास मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावास अशी तरतूद आहे, शिवाय त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

पेठेतला दुकानदार

मी स्वतः दुकान चालवतो आणि शिकणारी मुले कामाला ठेवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. संध्याकाळी सहा ते नऊ हीच आमची गिऱ्हाइकाची वेळ असते. सातला जाणारा मुलगा विक्रीला उपयोगी पडत नाही, हे स्पष्टच सांगितलेले बरे. पण दुपारी माल उतरवणे, चिठ्ठ्या लावणे, साठा मोजणे, बिले संगणकावर चढवणे ही कामे असतातच आणि वाणिज्य शाखेच्या मुलाला तीच अधिक शिकवून जातात. पगार त्या हिशेबाने कमी होईल. तो तासावर ठरवून घ्यावा आणि रोख न घेता मुलाच्या बँक खात्यात घ्यावा. परीक्षांच्या तारखा मालकाला आजच कागदावर लिहून द्याव्यात. दिवाळीला आठ दिवस राहिले असताना ‘उद्यापासून येत नाही’ असे सांगितले तर कोणताही मालक चिडेल, आणि ते चिडणे सर्वस्वी गैर म्हणता येणार नाही.

रात्रशाळेत शिकलेली

मी दिवसा काम करून मुंबईतील रात्रशाळेतून दहावी झाले. आमच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. तुमच्या मुलापुढे आहे. तरीही बहिणीची शिकवणी हा त्याच्या मनातला मुख्य मुद्दा दिसतो. तो खर्च जानेवारीपासून कोण उचलणार, हे त्याच्या वडिलांनी त्याला आधी सांगावे आणि मगच नोकरीचा विषय काढावा. नाहीतर तो काम सोडेल आणि वर्गात बसूनही फीचाच विचार करील.

सातारकर पालक

सर्वांचे मनापासून आभार. शिकवणीच्या फीविषयी यजमानांशी बोलले. ती मार्चपर्यंत ते देतील. स्कूटरविषयी विचारले तेव्हा मुलगा आधी गप्प राहिला आणि मग ‘कधीतरी’ म्हणाला, त्यामुळे ते मात्र आजपासून बंद केले आहे. एकच शंका उरते. वेळ बदलण्याविषयी मालकांशी मुलाने बोलावे की आम्ही?

निवृत्त वर्गशिक्षक

बोलावे मुलानेच, कारण काम त्याने मिळवले आहे; वडिलांनी सोबत जावे आणि कायद्याच्या वेळेचा मुद्दा निघाला तर तो त्यांनी मांडावा. जाताना महाविद्यालयाच्या सूचनाफलकावरील सत्र परीक्षेच्या वेळापत्रकाची एक प्रत बरोबर न्यावी. मालकांनी दुपारची वेळ मान्य केली तर वर्गशिक्षकांनाही नवी वेळ कळवावी, म्हणजे पुढील महिन्याची हजेरी पाहताना ती त्यांच्या लक्षात राहील. मान्य केली नाही तर दिवाळीची वाट न पाहता या महिन्याचा पगार घेऊन तेथून निघावे.