आठवीच्या पूरक वाचनासाठी मराठी पुस्तक कसे निवडावे?

प्रश्न : शिक्षिका, खानापूर तालुका

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. प्रथम भाषेचे पाठ्यपुस्तक कर्नाटक शासनाने ठरवून दिलेले असते, त्यामुळे त्याविषयी माझा प्रश्न नाही. येत्या जूनपासून आठवीच्या वर्गात त्याच्या जोडीला साहित्याचे आणखी एक पुस्तक वर्षभर वाचायचे असे शाळेत ठरले आहे. आठवड्यातील एक तासिका त्यासाठी राखून ठेवली आहे, प्रत्येक मुलाला स्वतःची प्रत मिळावी म्हणून माजी विद्यार्थ्यांनी पैसे दिले आहेत आणि पुस्तकाची निवड माझ्यावर सोपवली आहे.

आपल्याकडे प्राथमिक शाळा सातवीला संपते, म्हणून आठवीच्या वर्गात निरनिराळ्या गावांतील मुले प्रथमच एकत्र येतात. जांबोटी, कणकुंबीकडून येणाऱ्या मुलांची बोली कोकणीच्या जवळची आहे, पूर्वेकडील काही मुलांच्या घरी कन्नड बोलले जाते, आणि पुस्तकातली प्रमाण मराठी या दोघांच्याही कानाला थोडी लांबचीच वाटते. काही मुले सरळ वाचतात, तर काही अजून जोडाक्षरावर थांबतात. सहकाऱ्यांनी तीन पर्याय सुचवले आहेत : महाराष्ट्राचे आठवीचे ‘बालभारती’, साने गुरुजींचे ‘श्यामची आई’, किंवा जुन्या नावाजलेल्या लेखकांच्या कथा-कवितांचा एखादा संग्रह. मुलांना पेलेल आणि तरीही वाङ्मयाची खरी गोडी लावील असे पुस्तक कोणत्या कसोटीवर निवडावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, बेळगाव

बाई, वेगळी तासिका राखून ठेवली हे फार चांगले केलेत. माझे मत प्रथमच स्पष्ट सांगतो : दुसरे पाठ्यपुस्तक आणू नका, एक अखंड पुस्तक आणा.

पाठ्यपुस्तक कितीही उत्तम असले तरी त्यात वेचे असतात, आणि वेच्याखाली स्वाध्याय असतो. स्वाध्याय दिसला की मुले धड्याकडे परीक्षेच्या नजरेने पाहू लागतात. एसएसएलसीला, म्हणजे आपल्याकडच्या दहावीच्या परीक्षेला, प्रथम भाषेचे गुण 125 आणि इतर विषयांचे प्रत्येकी 100 असल्यामुळे तशीही आपली सगळी शिकवणूक आठवीपासूनच त्या 125 गुणांच्या दिशेने सरकत असते. निदान आठवड्याची ही एक तासिका तरी त्यातून मोकळी राहावी. शिवाय वेचा वाचून मुलाला लेखक कळत नाही. एखाद्या पात्राबरोबर महिनोन्‌महिने राहणे, ते पुढे काय करील याची वाट पाहणे आणि मागे वाचलेले पुढे उपयोगी पडताना पाहणे हा अनुभव अखंड पुस्तकच देऊ शकते.

‘श्यामची आई’ मी सुचवीन, आणि त्याचे एक कारण त्याच्या रचनेत आहे. हे पुस्तक रात्रींमध्ये, म्हणजे श्यामने एकेका रात्री सांगितलेल्या आठवणींमध्ये, विभागलेले आहे. प्रत्येक रात्र आपल्या जागी पूर्ण असते आणि ती एका तासिकेत वाचून त्यावर थोडे बोलताही येते. एखादा मुलगा गैरहजर राहिला तरी पुढच्या आठवड्यात तो हरवून जात नाही. पाण्याला भिणाऱ्या श्यामला आई मारून पोहायला धाडते तो प्रसंग, किंवा भाजीत मीठ नाही हे ठाऊक असूनही वडील ती मुकाट्याने खातात तो प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. पत्रावळ लावायला शिकण्याची गोष्ट तर तुमच्या जंगलभागातल्या मुलांपैकी काहींना पुण्यातल्या मुलांपेक्षा अधिक जवळची वाटेल.

प्रत घेताना मात्र फार जपून घ्यावी. साने गुरुजींचे निधन 1950 साली झाले आणि आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपत असल्याने 2011 पासून हे पुस्तक कोणीही छापू शकतो. त्यामुळे ते स्वस्त झाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु काही स्वस्त प्रतींत मुद्रणदोष फार असतात आणि काही संक्षिप्त केलेल्या असूनही मुखपृष्ठावर तसे लिहिलेले नसते. सगळ्या प्रती मागवण्यापूर्वी एक प्रत आणून ती जुन्या विश्वसनीय आवृत्तीशी ताडून पाहा, आणि सर्व मुलांकडे एकच आवृत्ती असेल याची खात्री करा. वर्गात पृष्ठक्रमांक जुळला नाही तर अर्धी तासिका पान शोधण्यातच जाते.

उत्तर : मराठी शिक्षक, निपाणी

सरांच्या मूळ म्हणण्याशी मी सहमत आहे, पण ‘बालभारती’ इतक्या सहज बाजूला सारू नये. महाराष्ट्राचे आठवीचे सध्याचे पुस्तक 2018 साली आले असून ते बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येते, म्हणजे त्यासाठी माजी विद्यार्थ्यांचे पैसे खर्च करण्याची गरजच नाही. त्यातील निवडक कविता शिक्षकाने वर्गात मोठ्याने वाचाव्यात. त्याच संस्थेचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मराठीतल्या कितीतरी नामवंतांनी मुलांसाठी म्हणून त्यात लिहिले. भराभर वाचणाऱ्या मुलांचे पुस्तक लवकर संपते आणि पुढे ती रिकामी बसतात, त्यांच्यासाठी हा साठा फार मोलाचा आहे.

माझा खरा आग्रह वेगळ्या गोष्टीचा आहे. आपल्या सीमाभागातल्या मुलाला पुस्तकात स्वतःचा मुलूख क्वचितच भेटतो. मराठी पुस्तकात पुणे, मुंबई, कोकण येते आणि कन्नड पुस्तकात म्हैसूर, मलनाड येतो. निपाणीची तंबाखूची वखार, खानापूरचे भातशेत किंवा बेळगावचा बाजार मात्र दोन्हींकडे नसतो. वास्तविक आपल्याकडे लिहिणारी माणसे होती. महादेव मोरे निपाणीत पिठाची गिरणी चालवत आणि इथल्या चालकांविषयी, तंबाखूत राबणाऱ्या बायकांविषयी लिहीत. इंदिरा संत यांचे आयुष्य बेळगावात गेले, शिक्षकांना घडवण्याचे काम त्यांनी इथेच केले, आणि ‘गर्भरेशीम’साठी त्यांना 1984 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मोऱ्यांचे सगळेच लेखन तेरा वर्षांच्या मुलांसमोर ठेवण्याजोगे नाही, निवड करावी लागेल. परंतु हा लेखक निपाणीचा होता, दळण दळता दळता लिहीत होता, हे कळल्यावर मुले ज्या लक्षाने ऐकतात ते लक्ष दूरच्या थोर लेखकाच्या परिचयाने मिळत नाही.

बोलीचेही तसेच आहे. ज्या गोष्टीत पात्रे बोलीत बोलतात ती मुलांना अवघड जाईल, असे आपण गृहीत धरतो. अनुभव उलट आहे. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत असला की अडखळणारी मुले संवाद मोठ्या धीटपणे वाचतात, आणि त्या धीटपणावर निवेदनही ओढून नेतात. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ त्या दृष्टीने फार चांगली आहे, शिवाय लहानशी आहे. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर तिचा नायक असल्याने मुलांना शाळेतून गोष्टीत शिरता येते. तथापि शेवटच्या दुष्काळाचे मोल कळायला थोडे वय लागते, म्हणून ती आठवीऐवजी नववीसाठी राखून ठेवावी असे मला वाटते.

निवडीची कसोटी विचारलीत म्हणून सांगतो. पुस्तकाच्या आरंभाची नव्हे, तर मधली दोन पाने वर्गातल्या मध्यम गतीच्या मुलाला मोठ्याने वाचायला द्यावीत, आणि मग काय घडले ते त्याच्या स्वतःच्या बोलीत सांगायला लावावे. चार शब्द अडले तरी चालतात. गोष्ट सांगता आली नाही, तर ते पुस्तक त्याने एकट्याने वाचण्याचे नाही, शिक्षकाने वाचून दाखवण्याचे आहे.

उत्तर : पालक, चिकोडी

आमच्या घरी मराठी आणि कन्नड दोन्ही बोलल्या जातात, म्हणून एक सूचना करते. कर्नाटकात 2015 च्या कायद्यानंतर प्रत्येक शाळेत कन्नड शिकवली जाते, त्यामुळे आपली मुले ती भाषा वाचतातच; परंतु मराठीचा तास आणि कन्नडचा तास यांची वर्गात कधी गाठ पडत नाही. पूरक वाचनात महिन्यातून एखादी तासिका त्यासाठी द्यावी. बसवण्णांचे ‘नुडिदरे मुत्तिन हारदंतिरबेकु’ हे वचन, म्हणजे बोलणे मोत्यांच्या हारासारखे असावे असे सांगणारे, मुलांना कन्नडमध्ये ओळखीचे असते. त्याच्या शेजारी तुकोबांचा ‘आम्हां घरीं धन शब्दांचीच रत्नें’ हा अभंग ठेवून पाहा. बाराव्या शतकातले वचन आणि सतराव्या शतकातला अभंग, दोघेही शब्दाला रत्नाच्या मोलाचा मानतात, पण बसवण्णांना बोलण्याप्रमाणे वागणे हवे आहे आणि तुकोबांना शब्द शस्त्र म्हणूनही हवा आहे. हा फरक माझ्या मुलीने आपणहून दाखवला. ज्यांच्या घरी कन्नड आहे ती मुले मराठीच्या तासाला एरवी मागे बसतात. त्या दिवशी उच्चार आणि अर्थ सांगायला तीच पुढे येतील.

उत्तर : ग्रंथपाल, बेळगाव

तिसऱ्या पर्यायाबद्दल, म्हणजे जुन्या लेखकांच्या संग्रहाबद्दल, कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. असा संग्रह घ्यायचा असेल तर लेखन कोणत्या नियमांनी छापले आहे ते आधी पाहावे. सध्याचे शुद्धलेखनाचे नियम 1962 पासूनचे आहेत, आणि त्यात 1972 साली भर पडली. त्याआधीच्या छपाईत उच्चारात नसलेले अनुस्वार जागोजागी असतात. वर तुकोबांच्या ओळीत ते आहेतच, आणि अभंगात ते शोभतातही. पण ज्या मुलाचे लेखन अजून स्थिरावले नाही त्याने दीडशे पाने तशी वाचली, तर तो उत्तरपत्रिकेतही तसेच लिहू लागतो आणि त्याचा दोष त्याच्याकडे जातो. जुन्या लेखकांची नवी, आजच्या नियमांनुसार छापलेली आवृत्ती मिळत असेल तरच ती मुलांच्या हाती द्यावी.

अक्षराचा आकार आणि ओळींतील अंतर हेही पाहावे. अडखळत वाचणाऱ्या मुलाला दाट छपाईचे पान पाहूनच धास्ती वाटते, मग आतली भाषा कितीही सोपी असो. पुस्तके प्रत्यक्ष हाताळून घ्यायची असतील तर कडोली, उचगाव, येळ्ळूर येथे हिवाळ्यात साहित्य संमेलने भरतात, तिथल्या विक्रीच्या दालनात आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून पाहता येतात. जूनसाठीची निवड तेव्हाच करून ठेवलेली बरी.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. आठवीसाठी ‘श्यामची आई’ आणि नववीसाठी ‘बनगरवाडी’ असे मनात ठरत आले आहे. अभंग आणि वचनांची तासिका तर नक्कीच घेईन. एकच शंका राहते. ‘श्यामची आई’चा शेवटचा भाग आईच्या आजारपणाचा आणि मृत्यूचा आहे. येणाऱ्या वर्गात आई नसलेली मुले आहेत. त्यांच्यासमोर हे पुस्तक ठेवावे की नाही, याचा निर्णय मला करता येत नाही.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, बेळगाव

बाई, हा प्रश्न पुस्तकाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. पुस्तक टाळावे असे मला वाटत नाही, कारण आई नसलेल्या मुलालाही त्यातली आई हवी असते. काही वेळा त्यालाच ती अधिक हवी असते. परंतु त्याला तो शेवट भर वर्गात, सगळ्यांच्या देखत अचानक भेटता कामा नये.

जूनमध्येच त्या मुलांना एकेकटे बोलावून पुस्तकात पुढे काय आहे ते सांगा, आणि त्यांच्या घरी जे कोणी सांभाळणारे आहे, आजी असेल, मावशी असेल, त्यांच्याही कानावर घाला. शेवटच्या रात्रींची प्रकरणे मुलांकडून वाचून घेऊ नका, स्वतः वाचा, आणि त्या तासिकेला ज्याला वाचनालयात बसायचे असेल त्याला कारण न विचारता जाऊ द्या. त्या प्रकरणांवर निबंध लिहायला देऊ नका. ‘माझी आई’ हा विषय तर त्या वर्षी वर्गात कोणत्याच निमित्ताने देऊ नका. त्याऐवजी ज्याने आपल्याला काही शिकवले अशा घरातल्या कोणत्याही माणसाविषयी लिहायला सांगितले, तर प्रत्येक मुलाला कोणी ना कोणी आठवते.