फोनवर मोकॅप (माणसाची हालचाल टिपून कॅरेक्टरला देणं) होतो म्हणून ॲनिमेटर नको? जरा सविस्तर उत्तर

कीफ्रेम_कोथरूड
काल इथंच एकानं लिहिलं, "फोन स्टँडला लावा, दोन मिनिटं नाचा, कॅरेक्टर तयार. आता ॲनिमेशन शिकण्यात वर्षं घालवणारा येडा." खाली ढीगभर लाइक. राहवलं नाही म्हणून लिहितोय, लांब होईल.

एका कॅमेऱ्याला काय किती पुढं, किती मागं आहे ते दिसत नाही, तो अंदाज बांधतो. मीडियापाइप हे सॉफ्टवेअर व्हिडिओवरून शरीराचे ३३ बिंदू देतं, फुकट देतं, साध्या लॅपटॉपवर चालतं, सगळं मान्य. पण हात छातीमागे गेला की कोपर कुठंय ते सॉफ्टवेअर मनानं ठरवतं. माणूस वळला की डावा पाय उजवा होतो. उभ्या माणसाची पावलं शेवाळावर ठेवल्यासारखी सरकतात. मग बसा ग्राफ एडिटर (हालचालीच्या रेषा दुरुस्त करायची खिडकी) उघडून, पाय लॉक करा, कंप काढा, आणि एवढं करून रिटार्गेट, म्हणजे ती हालचाल आपल्या कॅरेक्टरच्या अंगावर बसवणं, बाकीच. माझं सध्याचं कॅरेक्टर बुटका, ढेरपोट्या सावकार आहे, त्याच्यावर सडपातळ माणसाचा डेटा चढवला की दोन्ही हात पोटात घुसतात. हे निस्तरणार कोण? वजन कुठल्या पायावर आहे हे ज्याला दिसतं तोच. ॲनिमेटर मॅक्स फ्लायशरनं १९१५ मध्ये रोटोस्कोपच्या, म्हणजे खऱ्या माणसाच्या फिल्मवरून चित्रं गिरवायच्या यंत्राच्या, पेटंटचा अर्ज केला, म्हणजे खऱ्या माणसावरून हालचाल उचलणं शंभर वर्षं जुनं आहे, आणि नुसतं गिरवलेलं तेव्हाही हवेत तरंगायचं, आजही तरंगतं.

झटपट_थ्रीडी
ती पोस्ट माझीच आणि मी शब्द मागे घेत नाही. तुम्ही पुण्यात बसून बोलताय. मी लातूरकडचा, अंगावर मार्कर चिकटवून मोकॅप करणाऱ्या स्टुडिओचं एका दिवसाचं भाडं माझ्या अख्ख्या कामाच्या बजेटबाहेर. मोकॅपचं फ्रीमोकॅप फुकट, थ्रीडीचं ब्लेंडर फुकट. चारुको बोर्ड (बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी) प्रिंट करून पुठ्ठ्यावर चिकटवला, तीन कॅमेरे लावून तो दाखवून कॅलिब्रेट केलं, म्हणजे कुठला कॅमेरा कुठं आहे ते सॉफ्टवेअरला कळलं, तुमचं ते पाय सरकणं बरंचसं गेलं. काम काय होतं, तर फवारणीचा पंप पाठीवर कसा घ्यायचा, वारा कुठून आहे ते बघून कसं उभं राहायचं, शेतकऱ्यांसाठी ट्रेनिंग व्हिडिओ. कॅमेऱ्यासमोर खरा शेतकरीच होता. पंप उचलताना तो गुडघ्यात जसा वाकला ना, तसं तुमच्या कोर्सवाल्याला आयुष्यात जमणार नाही कारण त्यानं पंप उचललेलाच नाही.

आणि कोर्सचं नावच काढू नका. माझ्या धाकट्या भावाकडून एका इन्स्टिट्यूटनं बापाची सोयाबीनची पट्टी फी म्हणून घेतली आणि वर्षभर मेनू पाठ करून घेतले. सर्टिफिकेट आहे, बाउन्सिंग बॉल, म्हणजे ॲनिमेशनचा पहिला धडा, येत नाही.

तिसरा_पंच
ॲनिमेशनचं तुमचं तुम्ही बघा, पण ट्रेनिंग म्हटलं म्हणून बोलतो. आमच्या मैदानावर एक कोच मुलांची बोलिंग फोनवर शूट करतो आणि ॲप बघून सांगतो, तुझं कोपर वाकतंय. आयसीसीची मर्यादा अशी, की चेंडू टाकताना वाकलेलं कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ व्हायला नको. स्टॅनफर्डचं ओपनकॅप हे हालचाल मोजायचं सॉफ्टवेअर, जे तेव्हा निदान दोन आयफोन लावून आणि स्नायू-हाडांचं मॉडेल वापरून चालायचं, त्याची २०२३ मध्ये छापलेली सरासरी चूक सांध्यांच्या कोनात साडेचार अंशांची, आणि तीही चालणं, उठबस, उडी असल्या हालचालींवर. बोलरचा हात सेकंदाला २० मीटरनं फिरत असेल तर सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत ६५ सेंटीमीटरच्या वर निसटतात. त्यात काय कोपर मोजणार? माझ्या भाच्याची ॲक्शन याच नादात बदलली, वेग गेला, पोरगं आता नेटला येत नाही.

झटपट_थ्रीडी
मग २४० फ्रेमवर शूट करा की, आठ-नऊ सेंटीमीटर होतील. कोच आडमुठा आहे, टेक्नॉलॉजी नाही.

तिसरा_पंच
२४० वर शटरचा वेग वाढतो, उजेड कमी आत जातो, संध्याकाळच्या मैदानावर काळोख दिसतो. करून बघा आधी.

वस्ताद_सातारा
मी मल्लखांब शिकवतो. आमच्या पोरांचे व्हिडिओ असल्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघितले. सरळ उभा असेपर्यंत ठीक, उलटा झाला की त्या ठिपक्यांच्या सांगाड्याचं डोकं खाली जायच्या ऐवजी पाय खाली येतात, आणि खांबामागचा हात तर गायबच. पुतण्या म्हणाला ही मॉडेलं शिकतात ते बहुतेक उभ्या-बसलेल्या माणसांच्या फोटोंवर. मग उलट्या माणसाचा डेटा आम्हीच द्यायला पाहिजे, नाही का? पोरं तयार आहेत.

घुंगरू_सांगली
वस्ताद, देऊ नका. निदान कागद केल्याशिवाय देऊ नका. माझी मावशी फडावर नाचायची. एका स्टुडिओनं तिला बोलावलं, दिवसभर नाचवून घेतलं, चहा-नाश्ता आणि एका दिवसाचे पैसे दिले. पुढे एका गेममध्ये बाहुली नाचताना दिसली, मुरका तिचा, मान टाकायची लकब तिची, नाव कुठंच नाही. आता तर बोलवायचीही गरज नाही, यूट्यूबवरची लावणी उचला आणि सॉफ्टवेअरमध्ये टाका. तुम्ही सगळे पाय सरकतात की नाही यावर भांडताय, पाय कोणाचे हे एकानंही विचारलं नाही.

झटपट_थ्रीडी
ताई, मावशींचं वाईट झालं, पण व्हिडिओ उघड्यावर आहे. आणि आपण घेतो काय, तर ३३ ठिपके. ना चेहरा, ना आवाज. ठिपक्यांवर कोणाचं नाव असतं?

कीफ्रेम_कोथरूड
असतं! १९७३ मध्ये युहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं माणसाच्या सांध्यांवर दिवे लावून अंधारात चालवलं, बघणाऱ्यांना नुसत्या ठिपक्यांवरून कळलं की माणूस चालतोय. १९७७ च्या प्रयोगात तर लोकांनी आपल्या ओळखीची माणसं चालीवरून ओळखली. हालचाल म्हणजेच माणूस, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी कळायला पाहिजे. तुला ते अजून कळलेलं नाही म्हणून तू असल्या पोस्टी टाकतोस.

झटपट_थ्रीडी
अरे-तुरे करू नका. फवारणीच्या कामात त्या शेतकऱ्याला मी पैसे दिलेत आणि शेवटी नावही टाकलंय. तुमच्या पुण्यातल्या किती स्टुडिओंनी टाकलंय ते सांगा.

कोर्टाची_पायरी
दोघंही थांबा. कॉपीराइट कायद्यात कलाकाराच्या व्याख्येत नट-नर्तकांबरोबर कसरतपटू, जादूगार, गारुडीसुद्धा आहेत. कलम ३८ खाली त्याच्या सादरीकरणावर त्याचा हक्क, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं आपलं नाव लागावं असं म्हणण्याचाही हक्क. म्हणजे मावशींचा दावा हवेतला नाही, वस्तादांच्या पोरांचाही उभा राहू शकतो. पण व्हिडिओतून काढलेला सांगाडा म्हणजे त्याच सादरीकरणाची नक्कल का, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं नाही. म्हणून करार. हालचालीचा डेटा कशासाठी, किती वर्षं, दुसऱ्याला विकणार का, सगळं मराठीत लिहून घ्या.

तिसरा_पंच
माझं कोपर राहिलंच बाजूला.

घुंगरू_सांगली
अजून एक. तुम्ही कंप काढायला जो फिल्टर लावता ना, त्यात पायाचा ठेका जातो. ढोलकीच्या बोलावर पाऊल जे बारीक वाजतं ते सॉफ्टवेअरला बिघाड वाटतं, घासून गुळगुळीत करतं. त्या बाहुलीत मावशीचा मुरका होता पण पाय मुके होते. मावशीनं बघितल्या बघितल्या पहिलं तेच सांगितलं.

झटपट_थ्रीडी
हे बरोबर आहे. फिल्टर सगळ्या शरीराला एकच लावला की असंच होतं, घोट्याला वेगळा, हलका ठेवायला लागतो. पण तो कुठं हलका ठेवायचा हे नाच कळणाऱ्यानंच सांगावं लागेल, एवढं मी मानतो. कोर्सवाल्यानं नाही.

कीफ्रेम_कोथरूड
म्हणजे नजर लागते. हेच मी सकाळपासून बोंबलतोय.

वस्ताद_सातारा
कोर्टाची पायरी, तो कराराचा मसुदा इथंच टाका. पोरं अठराच्या आतली आहेत, सही आईबापांची चालेल का?